शव सजवणारे हात आणि उघडी शवपेटी

आपल्या गावगाड्यात मढ्याभोवतीचे एकही काम बिनजातीचे नव्हते. घरात माणूस गेला की गावोगावच्या सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन महाराने धावायचे. सरणाची लाकडे त्यानेच फोडायची आणि मसणवट्यात न्यायची. मढ्यावरचे कापड त्याच्या हक्काचे; म्हणजे मेलेल्याच्या अंगावरून उतरलेले त्याने जिवंतपणी अंगावर घ्यायचे. मेलेले ढोर ओढायचे तेही त्यानेच. मसणजोग्याने स्मशान राखायचे, काशीच्या घाटावर डोमाने चितेसाठी अग्नी पुरवायचा. मंत्र म्हणणारा मात्र मढ्यापासून चार हात दूर. मृत्यू सगळ्यांच्याच घरी येई, पण त्याचा विटाळ ठरावीक माणसांच्याच अंगाला चिकटे. घरच्यांचे सुतक दहा-तेरा दिवसांत फिटे, या माणसांचे जन्मभर फिटत नसे.

अमेरिकेत हेच काम पैसे घेऊन केले जाते. त्यासाठी शाळा आहेत, परीक्षा आहेत, सरकारी परवाना आहे. ते करणारा माणूस काळा सूट घालतो आणि गावातल्या प्रतिष्ठितांत गणला जातो. मढे धुणे, त्यातले रक्त काढून औषध भरणे, चेहरा रंगवून ते पेटीत ठेवणे, या क्रियेला तिथे एम्बामिंग म्हणतात. एवढे ऐकून आपला एखादा विद्यार्थी चटकन म्हणेल, पाहा, श्रमाची प्रतिष्ठा म्हणतात ती ही! मलाही आधी तसेच वाटले होते. पण या व्यवसायावर जे लिहिले गेले आहे ते जवळून वाचले तेव्हा हे मत टिकले नाही. कोणाचे मढे, कोणाच्या हातांनी आणि कशासाठी राखायचे, हा प्रश्न तिथेही तसाच उभा आहे.

या लेखात मी तीन पुस्तके समोर ठेवतो आहे : एव्हलिन वॉ यांची ‘द लव्हड वन’ ही १९४८ ची कादंबरी, रिचर्ड राइट यांची ‘द लाँग ड्रीम’ ही १९५८ ची कादंबरी आणि जेसिका मिटफर्ड यांचे ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हे १९६३ चे पुस्तक. त्यांच्या शेजारी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा ठेवतो. आणि या सर्वांच्या मधोमध एक खरीखुरी शवपेटी, जी १९५५ साली शिकागोत एका आईने उघडी ठेवायला लावली.

१

हा धंदा उभा कसा राहिला ते आधी पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झाले. उत्तरेचे सैनिक दक्षिणेत मरू लागले आणि ज्या घरांना ऐपत होती ती घरे मुलाचे प्रेत परत मागू लागली. आगगाडीने प्रेत पोचायला दिवस लागत, उन्हाळ्यात ते टिकत नसे. तेव्हा थॉमस होम्स आणि त्याच्यासारखे काही लोक रणांगणाच्या जवळ तंबू ठोकून प्रेतांच्या शिरांत औषध भरू लागले. आपण चार हजारांवर प्रेते राखली असा होम्सचा दावा होता. पण साध्या सैनिकांपैकी बहुतेकांच्या नशिबी जिथे पडले तिथलीच माती आली. म्हणजे या विद्येच्या जन्मापासूनच प्रेत टिकणे हे घरच्या ऐपतीवर अवलंबून होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. त्यांचे शव औषध भरून आगगाडीने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेण्यात आले. सोळाशे मैलांहून अधिक वाट, जवळजवळ दोन आठवडे, आणि ठिकठिकाणी दर्शनासाठी लोकांच्या रांगा. गुलामांना मुक्त करणाऱ्या जाहीरनाम्यावर ज्याची सही होती त्याच माणसाच्या प्रेताने एम्बामिंगला घराघरांत मान्यता मिळवून दिली. पुढे हा धंदा मोठा झाला, पेट्यांचे कारखाने निघाले, आणि सुतारकाम करता करता पेट्या विकणारा माणूस हळूहळू ‘फ्यूनरल डायरेक्टर’ झाला.

काम कसे चालते तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाचकाला कामाची किळस वाटत नाही, कामाच्या मोबदल्याची वाटते. मानेजवळची धमनी उघडून तिच्यात पंपाने औषध सोडतात, शेजारच्या शिरेतून रक्त बाहेर काढतात. मग पोटात एक लांब पोकळ सुई खुपसून आतले पाणी आणि वायू ओढून घेतात आणि तिथेही औषध भरतात. जबडा आतून टाका घालून मिटवतात. पापण्यांखाली टोप्या बसवतात, म्हणजे डोळे खोल गेलेले दिसत नाहीत. शेवटी चेहऱ्याला रंग लावतात. सुरुवातीला औषधात सोमल असे. नंतर फॉर्मलीन आले. फॉर्मलीनमधला फॉर्माल्डिहाइड वायू माणसात कर्करोग निर्माण करतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ठरवले. मेलेल्याचे शरीर टिकवण्यासाठी जिवंत माणूस तो वायू वर्षानुवर्षे छातीत भरून घेत असतो. प्रतिष्ठेच्या काळ्या सुटाआड हेही आहे.

२

वॉ यांनी या धंद्याची टर उडवली. त्यांच्या कादंबरीत ‘व्हिस्परिंग ग्लेड्स’ नावाची एक भव्य दफनभूमी आहे. तिथे प्रेताला प्रेत म्हणत नाहीत, ‘प्रियजन’ म्हणतात. जॉयबॉय हा तिथला मुख्य एम्बामर आणि एमे ही प्रेतांचे चेहरे रंगवणारी मुलगी. जॉयबॉय एमेवर प्रेम करतो ते प्रेतांच्या भाषेत : तिच्या टेबलावर तो प्रसन्न हसणारी प्रेते पाठवतो. कादंबरी वाचताना हसू येते आणि मग हसल्याची लाज वाटते. वॉ यांचे कसब निःसंशय मोठे आहे.

पण त्या हास्यात एक जागा अशी आहे की जिथे आपल्यासारखा वाचक थबकतो. प्रेताची व्यवस्था ठरवायला आलेल्या नायकाला तिथली बाई विचारते, मृत व्यक्ती गोरीच ना? कारण ती दफनभूमी गोऱ्यांसाठी राखीव आहे. वॉ यांनी हे पाहिले, लिहिले आणि पुढे गेले. त्यांच्या लेखी ती अमेरिकन मूर्खपणाच्या यादीतली आणखी एक बाब. मातीखालीही शेजारी कोण हवा ते ठरवणारी माणसे आपण ओळखतो. आपल्या गावांतून आजही स्मशाने वेगळी आहेत, आणि सार्वजनिक स्मशानात चिता रचू दिली नाही म्हणून दलितांची प्रेते रस्त्यावर थांबून राहिल्याच्या बातम्या आजही वाचाव्या लागतात. वॉ जिथे विनोद करून पुढे जातात तिथे आपला वाचक अडतो, तो त्याला विनोद कळत नाही म्हणून अडत नाही.

मिटफर्ड यांचा मार्ग निराळा. इंग्लंडच्या सरदार घराण्यात जन्मून ही बाई घर सोडून निघाली, अमेरिकेत कम्युनिस्ट झाली, काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी झगडली. तिचा नवरा कामगार संघटनांचा वकील. कामगार मेला की संघटनेने झगडून मिळवलेली मदत विधवेच्या हाती राहत नाही, सगळी अंडरटेकरच्या बिलात जाते, हे त्याच्या लक्षात आले आणि तिथून हे पुस्तक निघाले. दुःखाने बधिर झालेल्या माणसाला महागडी पेटी कशी गळ्यात मारतात, एम्बामिंग कायद्याने बंधनकारक नसताना ते आहे असे कसे भासवतात, आरोग्याच्या नावाखाली कसे लुबाडतात, हे सर्व तिने कागदपत्रांसह मांडले. एम्बामिंगचे वर्णन तर तिने इतके तपशिलाने केले की ते गाळा असे प्रकाशकच म्हणू लागले. तिने गाळले नाही. पुस्तक गाजले, आणि १९८४ साली अमेरिकन सरकारने नियम केला की प्रत्येक बाबीची किंमत वेगळी सांगितली पाहिजे आणि नसलेला कायदा सांगून एम्बामिंग लादता येणार नाही. एका पुस्तकाच्या वाट्याला एवढे यश क्वचित येते. लेखणीने काय होते असे विचारणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे.

तरीही या पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. मिटफर्डबाईंच्या मनातला ग्राहक हा मुख्यतः गोरा मध्यमवर्गीय आहे. त्याला हवी आहे साधी, स्वस्त, गाजावाजा न करता उरकलेली अंत्यक्रिया. साधेपणा ही त्याची निवड आहे, कारण जिवंतपणी त्याला मान मिळालेलाच असतो. पण ज्याला आयुष्यभर कोणी ‘मिस्टर’ म्हटले नाही, ज्याच्या बापजाद्यांना मळ्याच्या कडेला नावाशिवाय पुरले, त्याच्या घरच्यांनी चांगली पेटी, चांगला सूट आणि मोठी मिरवणूक मागितली तर त्याला नुसती फसवणूक म्हणता येईल काय? काळ्यांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या या लेखिकेने काळ्या माणसाच्या अंत्ययात्रेकडे या पुस्तकात जवळजवळ पाहिलेच नाही. वर्ग दिसला, वर्ण निसटला. आपल्याकडच्या डाव्या विचारवंतांना वर्ग दिसतो आणि जात निसटते, त्याचेच हे भावंड आहे.

३

काळ्यांच्या प्रेताला गोरा अंडरटेकर हात लावत नसे. लावलाच तर मागच्या दाराने. त्यामुळे अमेरिकेतल्या वर्णभेदाने नकळत एक जागा मोकळी सोडली आणि त्या जागेत काळा अंडरटेकर उभा राहिला. गोऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेत त्याला प्रवेश नव्हता, म्हणून त्याने आपल्या संघटना काढल्या. त्याचे गिऱ्हाईक काळे, त्याचा पैसा काळ्यांकडून येणारा. त्यामुळे शिक्षकाला जशी गोऱ्या अधिकाऱ्याकडून नोकरी जाण्याची भीती, तशी त्याला नव्हती. अलाबामातील बर्मिंगहॅमचे ए. जी. गॅस्टन यांचे उदाहरण पाहा. १९२३ साली त्यांनी काळ्या मजुरांसाठी अंत्यविधीची विमा संस्था काढली, मग अंत्यविधीचे दुकान, मग इतर धंदे. १९६३ च्या बर्मिंगहॅम सत्याग्रहात मार्टिन ल्यूथर किंग ज्या मोटेलमध्ये उतरले ते गॅस्टन यांचेच. त्याच वर्षी तिथे बाँबस्फोट झाला.

आपल्याशी तुलना करताना इथे सावध राहिले पाहिजे. महाराचे मढ्याशी नाते धंद्याचे नव्हते, वतनाचे होते. त्याला किंमत ठरवता येत नव्हती, काम नाकारता येत नव्हते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२७ च्या महाड परिषदेपासून ही कामे सोडा असे सांगितले, आणि १९५८ च्या कायद्याने वतन संपेपर्यंत तो लढा चालू राहिला. काळ्या अंडरटेकरने मढ्याचे काम हाती घेऊन मान मिळवला. आपण ते काम टाकून मान मिळवला. दोन्ही वाटा बरोबर आहेत, कारण दोन्हींत माणसाने आपला निर्णय आपण घेतला.

पण धंदा हाती आला म्हणजे मुक्ती आली काय? या प्रश्नाचे उत्तर रिचर्ड राइट यांनी ‘द लाँग ड्रीम’मध्ये दिले आहे, आणि ते कडू आहे. राइट स्वतः मिसिसिपीत नॅचेझजवळ जन्मलेले. कादंबरीतला टायरी टकर हा मिसिसिपीतल्या एका गावचा काळा अंडरटेकर. पैसेवाला, वस्तीतला मोठा माणूस. त्याचा मुलगा फिशबेली. फिशबेलीचा थोराड मित्र क्रिस एका गोऱ्या बाईच्या संबंधावरून जमावाच्या हाती सापडतो आणि त्याचे छिन्नविच्छिन्न प्रेत टायरीच्या टेबलावर येते. डॉक्टर एकेक जखम तपासतो आणि मुलगा ते पाहतो. शाळेत न मिळालेले समाजशास्त्र त्याला बापाच्या टेबलापाशी मिळते.

टायरीची श्रीमंती नुसत्या प्रेतांवर नाही. तो वेश्यागृहही चालवतो, पोलीसप्रमुखाला हप्ते देतो. त्याची भागी असलेल्या नाचघराला आग लागते आणि चाळीसहून अधिक काळी माणसे मरतात. बाहेर पडायला वाटा नव्हत्या. नियम मोडले होते आणि हप्ते घेऊन गोऱ्या अधिकाऱ्याने डोळे मिटले होते. ज्याच्या नाचघरात ही माणसे जळाली त्याच्याच धंद्याच्या वाट्याला त्यांचे अंत्यविधी येतात. टायरी गोऱ्या प्रमुखापुढे रडतो, लोळण घेतो, आणि मुलाला कळत नाही की हे नाटक आहे की खरे रडणे. शेवटी हप्त्यांचे चेक पुरावा म्हणून पुढे करून तो लढायला उभा राहतो, तेव्हा त्याला सापळ्यात ओढून गोळ्या घालतात. मुलगा धंद्याला बसतो, तुरुंग पाहतो आणि अखेर पॅरिसचे विमान धरतो.

वर्णव्यवस्थेने दिलेल्या कोपऱ्यात दुकान थाटता येते, पण दुकानाची किल्ली व्यवस्थेच्याच हाती राहते, हे राइट दाखवतात. टायरी गुन्हेगार आहे आणि बळीही आहे. राइट त्याला माफ करत नाहीत आणि त्याला एकट्यालाच दोषीही ठरवत नाहीत. राखीव जागेतून वर आलेल्या, साहेबापुढे एक आणि वस्तीत एक असे दोन चेहरे घेऊन वावरणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांवर इतक्या निर्दय प्रेमाने लिहिलेली कादंबरी मराठीत मला हवी आहे.

४

‘द लाँग ड्रीम’ येण्याआधी तीन वर्षे मिसिसिपीत एक घटना घडली. एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा मुलगा नातेवाइकांकडे सुट्टीला आला होता. एका गोऱ्या दुकानदारणीशी आगळीक केली या आरोपावरून २८ ऑगस्ट १९५५ च्या रात्री त्याला घरातून उचलून नेले, मारले, गोळी घातली आणि कापसाच्या जिनातला अवजड पंखा काटेरी तारेने गळ्याला बांधून नदीत टाकले. तीन दिवसांनी प्रेत वर आले. तिथल्या शेरीफला ते त्याच दिवशी तिथेच पुरून टाकायचे होते. खड्डा खणायला सुरुवातही झाली होती. मुलाची आई मेमी टिल शिकागोहून अडून बसली : माझा मुलगा मला परत पाहिजे.

प्रेत नदीकाठी ताब्यात घ्यायला बोलावले ते काळ्या अंडरटेकरला, कारण प्रेत काळ्याचे. मग दुसऱ्या गावी ते औषध भरून पेटीत बंद झाले. पेटी उघडायची नाही या अटीवर ती आगगाडीने शिकागोला गेली. तिथला अंडरटेकर ए. ए. रेनर याच्याकडून तसे लिहून घेतले होते. आई म्हणाली, पेटी उघडा. तिने तो चेहरा पाहिला. चेहरा थोडा नीट करू काय, असे विचारले गेले तेव्हा तिने नको म्हटले. त्यांनी काय केले ते सगळ्यांनी पाहू दे. काचेखाली ठेवलेले ते शव चार दिवस दर्शनासाठी होते आणि हजारो माणसे रांगेने त्याच्यासमोरून गेली. ‘जेट’ या काळ्यांच्या साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली. गोऱ्या वर्तमानपत्रांनी जे झाकले असते ते काळ्यांच्या घराघरांत पोचले. पुढच्या चळवळीत उतरलेल्या कितीतरी माणसांनी त्या छायाचित्राची आठवण सांगितली आहे.

खटल्यात काय झाले? ज्या काळ्या अंडरटेकरने प्रेत नदीकाठावरून नेले त्याने मुलाच्या बोटातल्या अंगठीची साक्ष दिली. औषध भरणारा गोरा एम्बामर मात्र आरोपींच्या बाजूने उभा राहिला. हे प्रेत इतक्या दिवसांचे आहे की ते टिलचे असूच शकत नाही, असा त्याच्या साक्षीचा रोख होता. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. काही महिन्यांनी, १९५६ च्या जानेवारीत, त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. विद्या एकच, शिरा त्याच, औषध तेच. पण साक्ष देताना प्रत्येकाच्या तोंडून त्याची जागा बोलली. तटस्थ तज्ज्ञ म्हणून आपल्यासमोर उभ्या केल्या जाणाऱ्यांकडे पाहताना हे विसरू नये.

वॉ आणि मिटफर्ड यांच्या पुस्तकांत एम्बामिंग म्हणजे मृत्यूवर पांघरूण. मेमी टिलने तीच विद्या उलटी फिरवली. औषध नसते तर ते शव शिकागोपर्यंत आणि पुढे चार दिवस टिकले नसते. टिकवले ते दाखवण्यासाठी. शव झाकण्यासाठी सजवायचे की दाखवण्यासाठी राखायचे, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि तो सौंदर्यशास्त्राचाही गाभा आहे असे मी मानतो.

५

आता अण्णा भाऊंकडे येऊ. ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा वारणेच्या खोऱ्यातून पोटासाठी मुंबईला आलेला, दांडगा, दगडाच्या खाणीत काम करणारा. खाण बंद पडते. उपनगराच्या रानात हिंडताना त्याला मढ्याच्या राखेत सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो, पुरलेली मढी उकरू लागतो. श्रीमंताच्या मढ्यातच सोने असते हे तो लवकर शिकतो. एका रात्री मढ्यासाठी कोल्ह्यांशी झुंज होते. मग तोंडातले सोने काढताना मढ्याचा जबडा मिटतो आणि त्याची बोटे आत अडकतात. बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण सुरू झाल्याची बातमी येते.

टायरी आणि भीमा यांना शेजारी उभे करून पाहा. दोघेही मेलेल्यांवर जगतात. टायरीजवळ परवाना, दुकान आणि पोलिसांची ओळख आहे. भीमाजवळ एक पहार आणि रात्र आहे. टायरी मढ्याला सूट चढवतो, भीमा मढ्याचे तोंड उघडतो. कायद्याच्या लेखी पहिला व्यापारी, दुसरा चोर. पण दोघांनाही या जागी आणून उभे करणारी व्यवस्था जिवंत माणसाच्या श्रमापेक्षा मढ्याची किंमत जास्त करणारीच आहे. भीमाची बोटे मढ्याने नव्हे, बंद खाणीने खाल्ली, हे अण्णा भाऊंना सांगावेही लागत नाही. दगड फोडणारी बोटे गेली तेव्हा दगड फोडायचे काम परत आले, एवढेच ते सांगतात आणि थांबतात. मराठी समीक्षेने या कथेतल्या भयानक रसाचे कौतुक पुष्कळ केले. त्यातला अर्थशास्त्राचा धागा मात्र तिने हातात घेतला नाही.

६

आपल्या आजच्या काळात मढ्याचे काम कोण करतो? वैद्यकीय महाविद्यालयांत शिकण्यासाठी लागणारी प्रेते औषध भरून ठेवली जातात. बेवारस प्रेते या कामी देण्याची तरतूद १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने केली. कोणाचेच नसलेले हे प्रेत बहुधा फुटपाथवरच्या गरिबाचे. आखातात मेलेल्या मजुराचे शव विमानाने घरी येते तेही एम्बामिंगच्या दाखल्यासह. आणि सरकारी दवाखान्याच्या शवागारात प्रत्यक्ष हात घालणारा माणूस पुष्कळदा आपलाच असतो. माझे एक चुलते अशाच एका दवाखान्यात होते. नेमणूक सफाई कामगाराची, काम प्रेत उघडण्याचे आणि शिवण्याचे. डॉक्टर दाराशी रुमाल धरून उभे राहत आणि काका आतून एकेक गोष्ट ओरडून सांगत. अहवालावर सही डॉक्टरांची. संध्याकाळी काका दारू पिऊन येत, मोरीत बराच वेळ अंग चोळत बसत, आणि आमच्याच आळीतली माणसे त्यांच्या हातचा चहा टाळत. जात आपल्याला वरून चिकटते आणि आपणही ती खाली चिकटवतो, हे मी पहिल्यांदा त्या मोरीपाशी शिकलो.

आणि प्रेत कोणाच्या ताब्यात राहील हा प्रश्न तर आपल्याकडे मिसिसिपीइतकाच जिवंत आहे. २०२० च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशातल्या हाथरसच्या एकोणीस वर्षांच्या दलित मुलीचा दिल्लीच्या रुग्णालयात मृत्यू झाला. पोलिसांनी तिचे शव गावी नेले आणि घरच्यांच्या संमतीशिवाय रात्री अडीचच्या सुमारास जाळून टाकले. आईला मुलीचा चेहरा नीट पाहू दिला नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाला स्वतःहून याची दखल घ्यावी लागली. १९५५ साली मिसिसिपीच्या शेरीफला जी घाई झाली होती तीच ही घाई. सत्तेला दलिताच्या जिवंत शरीराची पर्वा नसते, पण त्याच्या प्रेताची भीती वाटते. प्रेत साक्षीदार असते.

याच्या उलट एक रात्र आपल्या आठवणीत आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. लाखो माणसांनी तो चेहरा पाहिला. त्या दर्शनाने समाज खचला नाही, तिथेच हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. मढ्यावरचे कापड ज्यांच्या नशिबी लिहिले होते त्या लोकांनी आपल्या बापाच्या अंगावर आपल्या हातांनी फुले वाहिली.

आता साहित्याकडे वळून थांबतो. दलित साहित्य आले तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्याला काय सांगितले ते आठवा. भाषा शिवराळ आहे, चित्रण किळसवाणे आहे, थोडी कलात्मकता हवी, थोडा संयम हवा. नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ १९७२ साली आले तेव्हाही नाकाला रुमाल लावणारे कमी नव्हते. हा सल्ला एम्बामरचा आहे. जबडा टाका घालून मिटवा, डोळ्यांखाली टोप्या बसवा, गालाला रंग लावा, मग आम्ही दर्शनाला येऊ. आपल्या पहिल्या पिढीने त्या सल्ल्याला मेमी टिलसारखे उत्तर दिले : नको, त्यांनी काय केले ते पाहू दे.

पण एवढ्यावर आपली पाठ थोपटून घेऊ नये. उघडी पेटी एकदा उघडणे वेगळे आणि तिच्यासमोर तिकीट लावणे वेगळे. आपल्यापैकी काहींनी वेदनेचे दुकान थाटले आहे. ठरावीक प्रसंग, ठरावीक शिव्या, ठरावीक हुंदका. गिऱ्हाईक मध्यमवर्गीय, पुरस्कार देणारा तोच. हा टायरीचा रस्ता आहे. तो कुठे जातो ते राइट यांनी दाखवून ठेवले आहे. मेमी टिलने पेटी उघडली ती आपल्या लोकांसाठी, आणि पेटीशेजारी ती स्वतः उभी राहिली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, २००३ साली मरेपर्यंत, ती बोलत राहिली.

म्हणून माझी अपेक्षा साधी आहे. शवागारातल्या त्या माणसाने लिहावे. त्याला लिहिता येत नसेल तर त्याच्या शिकलेल्या मुलीने त्याच्याजवळ बसून लिहून घ्यावे : प्रेत कसे उघडतात, कसे शिवतात, हातमोजे किती दिवसांनी मिळतात, सही कोणाची होते, घरी कोण चहा घेत नाही. त्याच्या हाताखालून किती मारलेल्या सुना, किती गटारात गुदमरलेले सफाई कामगार, किती ‘अपघात’ गेले असतील! ते सर्व अहवालांत शिवून बंद झाले आहे. माझे चुलते आता नाहीत. त्यांनी मोरीत बसून जे सांगितले असते ते मी कधी विचारले नाही, याची बोचणी घेऊनच हे लिहिले आहे. ज्यांचे बाप, चुलते, मामा अजून त्या कामावर आहेत त्यांनी उशीर करू नये.